कण सापडला आहे, ओळख पटवून नेणे

पाण्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे नमुने तपासून निवृत्त झालेल्या गृहस्थांना आमच्या इमारतीतले लोक 'नमुनेसाहेब' म्हणत. या नावाला दुसराही एक अर्थ आहे, हे साहेबांना ठाऊक होते. पण एका निरीक्षणाचे दोन अर्थ निघत असतील तर घाईने एक खोडून टाकू नये, असा त्यांचा बाणा होता. त्यांनी दोन्ही अर्थ नोंदवून ठेवले होते.

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी तीन वर्तमानपत्रे वाचत आणि त्यांवरचे आपले भाष्य बायकोला ऐकवत. बायको घरी शिवणकाम करी.

"सरकार म्हणतंय, महागाई कमी झाली," साहेब म्हणत. "कमी झालाय तो वाढीचा वेग. जिना चढणारा माणूस दमला आणि सावकाश चढायला लागला, म्हणून तो खाली उतरतोय असं म्हणायचं का?"

"ऊं," बायको म्हणे.

आठ महिने साहेबांचा समज होता की बायकोला हे सगळे पटते आहे. मग एका सकाळी, अर्थमंत्र्यांवरचे वाक्य अर्ध्यात असताना, तिने ओठांतून एकेक करीत सहा टाचण्या काढल्या, समोर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "अहो, माझ्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून मी 'ऊं' म्हणते. तुम्हाला एवढं सांगायचंच असेल तर खाली जिन्याजवळ फळा आहे. तिथे लिहा. ज्याला वाचायचं तो वाचेल."

'ज्याला वाचायचं तो वाचेल' हे वाक्य साहेबांच्या काळजाला जाऊन भिडले. बत्तीस वर्षांत त्यांनी अकरा हजारांवर अहवाल लिहिले होते आणि त्यांतला एकही कोणी वाचला असल्याचा पुरावा नव्हता. एकदा तर त्यांनी मुद्दाम एका अहवालाच्या तळाशी लिहिले होते, 'हा मजकूर वाचणाऱ्याने कृपया फोन करावा.' खाली नंबर दिला होता. अहवालावर चार वरिष्ठांच्या सह्या झाल्या. फोन वाजला नाही.

जिन्याजवळच्या फळ्यावर कधीकाळी कोणी पांढऱ्या तैलरंगात मधोमध रेघ ओढून डावीकडे 'हरवले' आणि उजवीकडे 'सापडले' असे मथळे रंगवले होते. फळा कायम कोराच असे. कारण ज्याचे हरवे तो झाडूवालीवर संशय घेऊन मोकळा होई, आणि ज्याला सापडे तो काही बोलत नसे. तैलरंग खडूच्या फडक्याने पुसला जात नाही. तेव्हा साहेबांनी ठरवले की मथळे तसेच ठेवायचे आणि जगातल्या घडामोडी त्यांत बसवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिले:

*हरवले: सरकारचे बहुमत. काल दुपारी दीडपर्यंत सभागृहात होते.*

*सापडले: तेच बहुमत. सायंकाळी, एका हॉटेलात, जेवताना.*

दोन दिवस कोणी पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे विमेवाले बूट घालता घालता थांबले, वाचले आणि एकच बूट घातलेल्या अवस्थेत मोठ्याने हसले. साहेब वरच्या वळणावर कठड्याआड उभे होते. त्यांनी घड्याळात पाहिले. चौदा सेकंद! पुढच्या आठवड्यात दर वाचकामागे सरासरी बावीस सेकंद झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात एकतीस. लोक वाचायला म्हणून खाली येऊ लागले. साहेब दाढी रोज करू लागले.

अशी कीर्ती वाढली की हितचिंतक वाढतात. विमेवाले म्हणाले, "साहेब, मंत्र्यांवर लिहा, पण नाव नका घालू. आमच्या धंद्यात आम्ही मरण हा शब्दसुद्धा टाळतो. 'काही बरंवाईट झालं तर' असं म्हणतो." दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने राशिभविष्य सुरू करायला सांगितले, आणि साहेबांनी त्याच्याशी चार दिवस अबोला धरला.

मग सेक्रेटरी आले. इमारतीचे सेक्रेटरी हे सत्तेवर असलेल्या पक्षाचे चाहते होते. कोणता पक्ष, हे महत्त्वाचे नव्हते; जो सत्तेवर असेल त्याचे ते चाहते असत. या बाबतीत त्यांच्यासारखा निष्ठावंत माणूस मिळणे कठीण.

"साहेब, तुमचा फळा एकतर्फी आहे," ते म्हणाले. "डावीकडे बघा, बहुमत हरवलं, विश्वास हरवला, पुलाचा आराखडा हरवला, सहा हजार लोकांच्या नोकऱ्या हरवल्या. उजवीकडे काय? शुकशुकाट! बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटेल, आपल्याकडे काही सापडतच नाही."

"जे छापून येतं तेच लिहितो मी."

"ते मला माहीत नाही. जितकं हरवेल तितकं सापडलं पाहिजे. समतोल हवा. नाहीतर फळा काढून तिथे कुंडी ठेवू."

साहेबांना खरे तर राग यायला हवा होता. पण 'जितकं हरवेल तितकं सापडलं पाहिजे' हा नियम ते कॉलेजात वस्तुमानाबद्दल आणि ऊर्जेबद्दल शिकले होते. सेक्रेटरींना तो कोणी न शिकवता सुचला, याचे त्यांना कौतुकच वाटले. तत्त्वतः हरकत घेता येईना.

अडचण होती ती पुरवठ्याची. राजकारणात काही सापडत नव्हते. सापडले तर चौकशी बसे आणि चौकशी हरवे. अर्थव्यवस्थेत तळ सापडल्याचे तज्ज्ञ दर तीन महिन्यांनी सांगत, पण दर वेळी तो आधीच्या तळाच्या खाली असे. राहता राहिले विज्ञान. शास्त्रज्ञ मंडळी मात्र गुणी. त्यांना रोज काहीतरी सापडते. साहेब उजवी बाजू त्यांच्याकडून भरून घेऊ लागले. सोमवारी एक लघुग्रह, मंगळवारी बेडकाची एक जात. आणि त्या गुरुवारी आतल्या पानावर बातमी आली की दूरदेशीच्या एका प्रचंड प्रयोगशाळेत एक नवा कण सापडला आहे. साहेबांनी आनंदाने खडू उचलला:

*सापडले: एक कण. अत्यंत लहान, परंतु मौल्यवान. अद्याप कोणी हक्क सांगितलेला नाही. ओळख पटवून नेणे.*

शेवटची तीन वाक्ये हा विनोद होता. साहेबांनी आयुष्यात केलेला तो दुसरा विनोद. पहिला तो फोन नंबर.

दुपारी बारा वाजता पहिल्या मजल्यावरच्या मावशी जिना चढून वर आल्या. एरवी त्या गुडघ्यांसाठी जिना टाळत. त्यांनी डाव्या हाताचे बोट साहेबांच्या नाकासमोर धरले. बोटात अंगठी होती आणि अंगठीच्या मधोमध बारीकसे रिकामे घर होते.

"द्या," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"माझी हिऱ्याची कणी. दीड वर्षं झालं हरवून. देव भलं करो तुमचं. कुठे मिळाली?"

"मावशी, कणी नाही हो. कण. तो वेगळा."

"वेगळा कसा? तुम्हीच लिहिलंय, अत्यंत लहान, मौल्यवान. कुठे मिळाला ते सांगा ना!"

साहेबांना खोटे बोलता येत नव्हते. "जमिनीखाली. मोठ्या भुयारात."

"गटारातच गेली असणार! मी म्हणतच होते ह्यांना!"

"मावशी, तिथे दोन गोष्टी जोरात एकमेकांवर आपटतात, तेव्हा तो बाहेर पडतो…"

"आपटतातच. भांडी घासताना किती वेळा आपटायचा हात. शोधली कोणी?"

"तीन हजार शास्त्रज्ञांनी."

मावशींचा चेहरा बदलला. "तीन हजार लोकांना कळलं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि मला खाली येऊन कोणी एका शब्दाने सांगितलं नाही?"

त्या संध्याकाळी मावशींनी भाच्याला फोन केला, भाच्याने पोलीस चौकीत केला, आणि शुक्रवारी सकाळी हवालदार आले. हातात सापडलेल्या मालमत्तेचे छापील फॉर्म होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. आतल्या खोलीत शिलाई मशीन थांबले.

"वस्तूचं नाव?"

"कण."

"रंग?"

साहेबांनी चष्मा पुसला. "काही कणांना रंग असतो असं म्हणतात. पण तो रंग म्हणजे आपला रंग नव्हे. नुसतं नाव आहे. आणि सगळे मिळून तो पांढरा होतो."

हवालदारांनी लिहिले, 'रंगाबाबत उडवाउडवीची उत्तरे.' मग विचारले, "वजन?"

"ते ऊर्जेत मोजतात."

"विजेच्या मीटरवर?"

"तत्त्वतः चालेल," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"शेवटचा कोणी पाहिला?"

"कोणीच पाहिला नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "साहेब, कोणी पाहिला नाही, तर तो सापडला असं तुम्ही म्हणता कशावरून?"

साहेबांचा चेहरा उजळला. गेल्या चाळीस वर्षांत कोणी त्यांना विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. त्यांनी कागद घेतला, आलेख काढला, त्यावर एक उंचवटा काढला आणि वीस मिनिटे समजावून सांगितले. "थोडक्यात, हा उंचवटा निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक."

"एवढी खात्री आमच्याकडे फाशीलासुद्धा लागत नाही," हवालदार म्हणाले. ते खरोखर प्रभावित झाले होते. "बरं. मग सध्या तो आहे कुठे?"

"नाही. जन्मला त्याच क्षणी त्याचं विघटन झालं."

"म्हणजे विल्हेवाट लावली."

"विघटन!"

"तेच ते," असे म्हणून हवालदारांनी लिहिले: 'सदर वस्तूची सापडताक्षणीच विल्हेवाट लावली.'

तरीही प्रकरण तिथेच मिटले असते. हवालदार भला माणूस होता. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "एक ओळ लिहून द्या आणि सुटा. 'मावशींची हिऱ्याची कणी माझ्या घरात नाही.' खाली सही."

साहेबांनी पेन घेतले, आणि इथे बत्तीस वर्षांची सवय आडवी आली. प्रयोगशाळेत 'नाही' असे कधी लिहीत नाहीत. पाण्यात शिसे नसले तरी 'शिसे नाही' असे लिहिणे हे पाप. तिथे लिहायचे 'आढळले नाही'. कारण आपल्या यंत्राला दिसले नाही एवढेच आपल्याला माहीत असते. साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'मावशींची कणी माझ्या घरात आढळली नाही.' क्षणभर थांबून त्यांनी पुढे जोडले, 'तथापि तपासणी केलेली नाही.'

हवालदारांनी ते दोनदा वाचले. "म्हणजे असू शकते?"

"शक्यता नाकारता येत नाही," नमुनेसाहेब म्हणाले.

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुधा कात्री.

दहा मिनिटांत झडती सुरू झाली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात हिऱ्याची कणी शोधणे म्हणजे काय, हे ज्याने शोधले त्यालाच कळेल. मण्यांचे अकरा डबे निघाले. टिकल्यांच्या बरण्या निघाल्या. काचेच्या खड्यांची पाकिटे कपाटातून पावसासारखी खाली आली. विमेवाल्यांना पंच म्हणून बोलावले होते. ते कडेला उभे राहून "अशा वेळेसाठीच घराचा विमा असतो" असे हळूच सांगून गेले. मावशी गालिच्यावर बसल्या आणि चकाकणारी प्रत्येक वस्तू अंगठीच्या रिकाम्या घरात बसवून पाहू लागल्या. दुपारपर्यंत दोनशे अकरा दावेदार झाले होते. त्यांपैकी सदतीस बसत होते.

"ही असेल," मावशी प्रत्येक वेळी म्हणत. "नाही, हीच."

"मावशी, ते प्लॅस्टिक आहे," साहेब म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही विल्हेवाट लावणारे."

शेवटी हवालदारांची नजर खुंटीवरच्या राणीच्या पोशाखावर गेली. एका नाटक मंडळीचा तो पोशाख होता, गळ्यापासून घोट्यापर्यंत तीनशे चाळीस खडे लावलेला, त्याच संध्याकाळी द्यायचा. हवालदारांनी खडे मोजायला सुरुवात केली, साठाच्या पुढे चुकले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकले, आणि मग संबंध पोशाखच लाखेची मोहोर लावून ताब्यात घेतला. त्या दिवशीच्या नाटकात राणी दासीच्या साडीत वावरली. दुसऱ्या दिवशी समीक्षकाने लिहिले, 'सत्तेच्या पोकळ दिमाखावर दिग्दर्शकाचे धाडसी भाष्य.' साहेबांनी ते बायकोला वाचून दाखवले. तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. तरी ती बोलली नाही.

सेक्रेटरींनी रविवारी सकाळी रहिवाशांची सभा बोलावली. विषय एकच: फळा. सभेआधी ते एक मसुदा घेऊन साहेबांकडे आले. 'कण सापडला ही बातमी खोटी असून ती मी खोडसाळपणे लिहिली, याबद्दल दिलगीर आहे.'

"सही करा. फळा राहील," सेक्रेटरी म्हणाले. "नाही केलीत तर आज दुपारी फळा खाली. कुंडी मी बघून ठेवलीय."

साहेबांनी मसुदा वाचला. "खोडसाळपणे हवं तर राहू द्या. पण 'खोटी' हा शब्द काढा. कण सापडलेला आहे."

"अहो, काय फरक पडतो तुम्हाला? तो कण काय तुमच्या नात्यातला आहे?"

"सापडला ते सापडला," साहेब म्हणाले. फळा गेला तर पुन्हा तो 'ऊं' आणि पुन्हा ते फोन न वाजणे, हे त्यांना दिसत होते. पण विज्ञानाच्या बाजूने उभे राहून ज्यांनी पूर्वी छळ सोसला त्यांच्या रांगेत, अगदी शेवटी, दाराजवळ का होईना, आपल्याला जागा मिळते आहे, असेही त्यांना वाटून गेले. त्यांनी भाषण तयार केले. ते चार पानांचे झाले.

सभेला निघताना बायकोने त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिले. सातवे पान वर काढून घडी घातलेली होती. "हे वाचलंत का? तुम्ही भाषण लिहीत होतात, म्हणून मी वाचलं."

कोपऱ्यात दोन बोटांच्या जागेत बातमी होती. त्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची एक वायर सैल असल्याचे आढळले होते. वायर घट्ट केल्यावर उंचवटा नाहीसा झाला. कण सापडलेला नव्हता.

साहेब जिन्यातच बसले. पस्तीस लाखांत एक ही शक्यता योगायोगाची होती. सैल वायरीची शक्यता कोणी मोजलीच नव्हती.

"या इमारतीत सातवं पान कोणी वाचत नाही," बायको शांतपणे म्हणाली. "भाषण चांगलं झालंय तुमचं. मी ऐकलंय भिंतीतून. करायचं तर करा."

सभा गाड्या लावायच्या जागेत होती. सेक्रेटरींनी तेरा मुद्दे काढून आणले होते. मावशी पहिल्या रांगेत, बोट वर धरून. साहेब उभे राहिले. चार पाने हातात होती. त्यांनी ती पाठीमागे नेली.

"कण सापडलेला नाही," ते म्हणाले. "आजच्या पेपरात आलंय. मी लिहिलं ते त्या दिवशी खरं वाटलं होतं. ते चूक निघालं. खोडसाळपणा केलेला नाही, पण चूक झाली."

या इमारतीच्या सभांत आजवर कोणी 'चूक झाली' असे म्हटले नव्हते. टाकी वाहिली तेव्हाही नाही, लिफ्ट पडली तेव्हाही नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने हे कोणत्या सदरात घ्यायचे म्हणून सेक्रेटरींकडे पाहिले. सेक्रेटरींनी आपल्या तेरा मुद्द्यांकडे पाहिले. प्रत्येक मुद्दा समोरचा अडून बसेल असे धरून काढलेला होता.

"म्हणजे," मावशी कडाडल्या, "तीन हजार जणांनी मिळून पुन्हा हरवली?"

"हरवली नाही मावशी. नव्हतीच."

"नव्हती कशी? माझ्या बोटात होती!"

विमेवाले मागून ओरडले, "मंत्र्याला सांगा म्हणावं, असं उभं राहून बोलायला! माझं मत फळ्याला!"

लोक हसले, आणि हात वर होऊ लागले. सतरा विरुद्ध चार मतांनी फळा राहिला. सेक्रेटरींनी विरोधात मत दिले होते. निकाल दिसताच त्यांनी ते बदलले आणि अठरा विरुद्ध तीन केले. मात्र जाता जाता एक अट घातली. "यापुढे फळ्यावर शंभर टक्के खात्रीचं तेवढंच." सैल वायरीने खचलेल्या साहेबांनी मान डोलावली. 'शंभर टक्के' हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मान्य केले.

पोशाख सुटून आला. हवालदारांनी प्रकरण बंद केले. शेरा मारला, 'कणी आढळली नाही.' साहेबांनी तो वाचला आणि त्यांना जरा बरे वाटले.

पण फळ्याचे काय? सभेनंतरचे दिवस साहेब तीन वर्तमानपत्रे काखेत मारून फळ्यासमोर नुसते उभे राहात. सरकार स्थिर असल्याचे सरकारने म्हटले होते. शंभर टक्के? विकासाचा दर पहिल्या अंदाजाने वाढला होता, दुसऱ्या अंदाजाने घटला होता. समुद्राच्या तळाशी एक नवा मासा मिळाला होता, पण मासाच कशावरून? खडू फळ्यापर्यंत जाई आणि परत येई. पहिल्या दिवशी अठरा जण कोऱ्या फळ्यासमोरून न थांबता गेले. दुसऱ्या दिवशी सव्वीस. साहेबांनी मोजले होते.

मग एका सकाळी तास-सव्वातास उभे राहिल्यावर त्यांना अट पुरी करणारे एक विधान सुचले. त्यांनी ते सर्व बाजूंनी तपासले. सैल वायर कुठे नव्हती. त्यांनी मधल्या रेघेवरून, दोन्ही बाजू व्यापत, ठळक अक्षरात लिहिले:

*आज मंगळवार.*

आणि ते वरच्या वळणावर कठड्याआड जाऊन उभे राहिले.

विमेवाले आले. एक बूट घातला, फळ्याकडे पाहिले, थांबले. पाच सेकंद. दहा. पंधरा. मग मान वर करून कठड्याकडे बघत म्हणाले, "साहेब, आज बुधवार आहे."

"आज?"

"बुधवार. काल मंगळवार होता."

साहेब दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. "म्हणजे तुम्ही वाचलंत!" ते म्हणाले, आणि विमेवाल्यांचा हात धरून त्यांनी तो इतका वेळ हलवला की विमेवाल्यांना वाटले, हे आता पॉलिसी घेणार.

या आनंदात वार दुरुस्त करायचा राहूनच गेला. त्या दिवशी आमच्या इमारतीत संध्याकाळपर्यंत मंगळवारच होता, आणि तो चुकलाय हे सांगायला एकूण तेवीस जण साहेबांकडे येऊन गेले.